डोक्यावरचा ठिपका

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना सासूबाई लांबट, टोकदार अंडी बाजूला काढायच्या. "यातनं कोंबडाच निघतो गं," म्हणायच्या. वीस वर्षं मी त्यांचं ऐकलं आणि वीस वर्षं निम्मे कोंबडेच निघाले. पुढे पन्नास तलंगा म्हणून पैसे मोजून पिल्लं आणली, तर त्यातली एकवीस पहाटे आरवायला लागली. घरात त्यावरून अजून हसतात.

पिल्लू नर की मादी, हे कोडं रंगावरून सोडवलं ते परदेशातल्या प्राध्यापकांनी. केंब्रिजचा विल्यम बेटसन कोंबड्यांचे तुरे बघत बसायचा. मेंडेलने वाटाण्यात शोधलेले नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे त्याने 1902 मध्ये तुऱ्यांवरून दाखवलं. वाटाणा आणि कोंबडी. थोर विज्ञान आमच्या परसातच चाललं होतं म्हणायचं! मग 1908 मध्ये अमेरिकेच्या विल्यम स्पिलमनने सांगितलं, की प्लायमाउथ रॉक जातीच्या कोंबड्यांच्या पिसांवरचे काळे-पांढरे पट्टे नर-मादीच्या हिशेबाने वारशात उतरतात.

त्यामागचं गणित मला कागदावर कोंबड्या काढल्यावरच कळलं. कोंबड्याकडे 'झेड' गुणसूत्रं दोन, कोंबडीकडे एकच, आणि पट्ट्यांचा जनुक त्या झेडवर. म्हणजे पट्टेवाली आई आपलं एकुलतं झेड मुलाला देते. मुलीला झेड मिळतं ते बापाचं. बाप बिनपट्ट्यांचा असला, की पट्टे फक्त मुलांकडे जातात. पिल्लू लहान असताना पट्टे दिसत नाहीत, पण काळ्या लवेत डोक्यावर पांढरा ठिपका असतो.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दाण्याची टंचाई झाली. बेटसनचा सहकारी रेजिनल्ड पनेट म्हणाला, नर जन्मतःच वेगळे काढा, त्यांच्यावरचा दाणा वाचेल. उपाय चोख, पण अशी पिल्लं हवी तर दर खेपेला दोन जाती नव्याने एकत्र आणाव्या लागतात. या संकराची पिल्लं आपसात लावली, तर पुढच्या पिढीत ठिपका बघून काहीच कळत नाही.

पनेट आणि मायकेल पीझ यांनी मग पट्टे सोनेरी कॅम्पाइन जातीत उतरवले. तिचं पिल्लू अंगावर तपकिरी रेघा घेऊनच जन्मतं. नराला पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन मात्रा मिळतात, त्याची लव फिकी आणि रेघा पुसट. मादीला एकच, म्हणून तिच्या रेघा ठळक. ही 1929 ची कॅम्बर: पिढ्यानपिढ्या आपल्याच पोटी ओळखू येणारी पिल्लं देणारी पहिली जात. बाजारात ती फारशी चालली नाही. लेगहॉर्नपासून केलेली लेगबार मात्र टिकली.

मी साधाच मार्ग धरला. तांबडा ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा आणि चार पट्टेवाल्या प्लायमाउथ रॉक कोंबड्या एका खुराड्यात ठेवल्या. पिल्लं सगळी काळी निघाली, काहींच्या डोक्यावर ठिपका. ठिपकेवाल्यांना मी डालग्याखाली वेगळं झाकलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू." तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतः मोजले. एकही चुकला नव्हता.

करून बघायचं असेल, तर जोडी नीट लक्षात ठेवा: कोंबडा तांबडा, कोंबडी पट्ट्यांची. उलटं केलंत, तर ठिपका सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर येईल.