कृपेने मिळालेली खुर्ची?

शिवसेनेचे नेते मनोहर जोशी 23 फेब्रुवारी 2024 रोजी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात निवर्तले. त्यांच्या हयातीत दादर-माहीममध्ये एक मत रूढ होते आणि ते आजही ऐकू येते: सर हुशार, पण जे मिळाले ते शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या कृपेने. 1976-77 चे मुंबईचे महापौरपदही त्याच कृपेचे, आणि तेही शोभेचे.

या मताचे बळ आधी मान्य करू. मुंबईत 1888 च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्तांकडे आहेत आणि तिजोरीवरची नजर स्थायी समितीकडे. महापौराची मुदत तेव्हा जेमतेम वर्षाची. पुढे जोशी मुख्यमंत्री असताना सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब जाहीरपणे सांगत. जानेवारी 1999 मध्ये त्यांचा आदेश आला आणि जोशींनी पद सोडले. बाळासाहेब नसते तर जोशी महापौर झाले असते का? बहुधा नाही.

पण दार कोणी उघडले आणि आत जाऊन काम कोणी केले, हे प्रश्न वेगळे आहेत. रूढ मत पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देते. पहिली चूक ही.

दुसरी चूक कालक्रमाची. शिवसेना स्थापन झाली 19 जून 1966 रोजी. रायगडातल्या नांदवीचा, माधुकरी मागून शिकलेला हा मुलगा त्याआधीच मुंबईत एम.ए., एल्एल.बी. झाला होता, महापालिकेत कारकुनी करून बाहेर पडला होता आणि 1961 मध्ये त्याने दादरला कोहिनूर ही तंत्रशिक्षण संस्था सुरू केली होती. तिथे वायरमन, प्लंबर, रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर तयार होत. कॉलेजच्या पदवीची वाट न पाहता चार-सहा महिन्यांत हाताला काम हवे असलेल्या मराठी मुलांची नेमकी गरज त्यांनी हेरली होती. ‘सर’ ही हाक त्या वर्गांतून आली, सेनेच्या शाखेतून नव्हे. ही कृपा कोणाची?

आता महापौरपद. 1968 मध्ये सेनेचे 42 नगरसेवक निवडून आले, त्यांत जोशी होते. सभागृह 140 जणांचे. 1976 मध्येही बहुमत सेनेकडे नव्हते, आणि महापौर निवडतात नगरसेवक. मग पक्षप्रमुखाचा शब्द इतर पक्षांच्या नगरसेवकांना कसा बांधील? ती मते जुळवावी लागतात. निवडून आल्यावर त्याच विरोधकांना बोलू द्यावे लागते, आवरावेही लागते. अधिकार नसलेल्या खुर्चीवर बसून सभागृह चालवायचे, तर माणसाकडे स्वतःचे वजन हवे. ‘शोभेचे पद’ म्हणणाऱ्यांनी मार्च 2022 नंतरची पालिका आठवावी. सभागृहाची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले, आणि नागरिकांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवणारी सभाच उरली नाही. शोभा गेली म्हणून शहराचे इतके अडते का?

हा धागा पुढे थेट दिल्लीला जातो. तत्कालीन अध्यक्ष बालयोगी यांच्या अपघाती मृत्यूनंतर मे 2002 मध्ये जोशी लोकसभेचे अध्यक्ष झाले, बिनविरोध. तिथले विरोधी बाक बाळासाहेबांचे ऐकणारे नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीवर डाग नाही असे मी म्हणत नाही. पुण्यातल्या शाळेसाठी राखीव भूखंडाबाबतच्या निर्णयाचे प्रकरण गंभीर होते, त्याचा जाब विचारणे रास्तच होते. पण टीकाकारांनी एक ठरवावे. सारे निर्णय वरून येत असतील तर या निर्णयाचा जाब जोशींना का? आणि जाब त्यांनाच विचारायचा असेल, तर ते कळसूत्री बाहुली कसे? दोन्ही आरोप एका वेळी उभे राहू शकत नाहीत.

शेवटचा पुरावा शिवाजी पार्कचा आहे. बाळासाहेब गेल्यानंतरच्या वर्षी, 2013 मध्ये, जोशींनी पक्षनेतृत्वाच्या कार्यपद्धतीवर उघड नापसंती दाखवली. होयबा असे बोलतो? ऑक्टोबरात शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्यात शिवसैनिकांनी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या. पंचाहत्तरीचे सर व्यासपीठावरून उतरून निघून गेले. पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही.