साष्टीची तर

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकासाठीं जुन्या गोष्टी आठवूं लागलों, तेव्हां एक गोष्ट प्रथम मनांत आली. ती ही कीं, कांजूरमार्गचे आम्ही सारे बेटावरचे लोक आहों, आणि हें आम्ही पार विसरून गेलों आहों. आगगाडी शीवची खाडी ओलांडते तेव्हां हातांतल्या मोबाईलवरची नजरही कोणी वर उचलीत नाहीं. परंतु साष्टी, जिचें नांव जुन्या सहासष्ट गांवांवरून पडलें असें म्हणतात, ती चोहोंकडून पाण्यानें वेढलेली आहे. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस आमच्या मिठागरांना भिजविणारी ठाण्याची खाडी, आणि दक्षिणेस माहीम-शीवचें पाणी. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं बेटाबाहेर जाणें म्हणजे तरीवर पाऊल टाकणें होतें.

जलमार्ग ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं बेटाची चूल. इ. स. १६६५ त मुंबई इंग्रजांच्या ताब्यांत गेली, पण साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. वरच्या मुलखांतून मुंबईस येणारा माल ठाण्याच्या खाडीनें, म्हणजे आमच्या कांजूरच्या किनाऱ्यावरूनच, खालीं जात असे. पोर्तुगीज अंमलदार ठाणें व करंजा येथें त्यावर जकात घेत, आणि इंग्रज वर्षानुवर्षें त्याविषयीं कुरकुरत. माहीमच्या समोर वांद्र्यास येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ होता. त्यांच्यावरही इंग्रजांचा रोष होता. तो अगदींच निष्कारण होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

शीवचा बांध गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दींत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, पुरा झाला. त्यावरून जाणाऱ्यास पट्टी द्यावी लागे. माहीमास मात्र त्यानंतरही सुमारें चाळीस वर्षें होडीच. मोत माउलीचा सण सप्टेंबरांत येतो, पाऊस ओसरत असतो, खाडीस ओढ असते. अशा पाण्यांतून मुंबईकडचे भाविक मुलांबाळांसह वांद्र्यास येत. कंपनी सरकार खर्चास तयार होईना, तेव्हां लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई या पारशी बाईंनीं १,५७,००० रुपये दिले, व अट घातली कीं जाणाऱ्या-येणाऱ्याकडून एक पैसाही घेऊं नये. बांध इ. स. १८४५ त खुला झाला. बाईंनीं मोत माउलीस नवस केला होता अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, अट मात्र खरी. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धांवली. तिची कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनियरास आमच्या शेजारच्या भांडुपास आला असतां सुचली, असें सांगतात. येथून पुढें साष्टीचा तरवाला हळूहळू नाहींसा झाला.

तो कोठें उरला, हें पाहावयास फार दूर जावयास नको. मार्वें-मनोरी, बोरिवली-गोराई, वर्सोवा-मढ या वाटांवर आजही तर चालते. वर्सोव्याहून मढ हांकेच्या अंतरावर आहे. रस्त्यानें जाल तर मालाडचा वळसा. गोराईस रस्त्यानें जावयाचें तर भाईंदर-उत्तनवरून. म्हणून मासळीच्या पाट्या, शाळेंतलीं मुलें, दुचाक्या, सारें एकाच होडींत बसतें. धक्क्यावर थांबलेल्या माणसांना एकमेकांच्या घरची खबर असते. कोणाचें दुखणें, कोणाचें लग्न, होडी सुटेपर्यंत सर्वांस कळतें. आगगाडीच्या डब्यांत ही ओळख आम्हीं पाहिली नाहीं.

एरंगळचें संत बोनावेंतूरचें देऊळ इ. स. १५७५ चें. संताचा दिवस पंचांगांत जुलैमध्यें पडतो. जत्रा मात्र जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं, तीन राजांच्या सणाच्या सुमारास भरते. ज्यानें आषाढांतली खाडी पाहिली आहे, त्यास हें नवल वाटणार नाहीं. वर्सोव्याच्या धक्क्यावर त्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते.

परंतु तरीची दुसरी बाजूही आहे. खिशांत पवित्र तेल, समोर ओहोटीचा चिखल, पलीकडच्या कांठावर मरणोन्मुख मनुष्य, आणि होडी यावयास अवकाश, अशा स्थितींत आम्ही उभे राहिलों आहों. त्या वेळीं खाडीचें सौंदर्य कोणास सुचत नाहीं. मग १७ जुलै १९४७ चा दिवस आठवतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. दुसरे दिवशीं अमावास्या, सणाला घरीं पोहोंचण्याची घाई, आणि खुष्कीची वाट फार लांबची. म्हणून भर पावसाळ्यांतही लोक चढले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जीव गेले. घारापुरीच्या रहिवाशांना दुसरी वाटच नाहीं. त्यांच्या घरीं समुद्राखालच्या तारेनें वीज पोहोंचली ती इ. स. २०१८ त. तांदूळ, औषध आणि पाहुणा मात्र अजून लाँचनेंच येतो.

मढ, मनोरी, गोराईकडे पुलांच्या योजना पुढें आल्या आहेत. तेथील आमच्या बंधूंना पूल हवा कीं नको, असें विचारिलें तर एकाच घरांत दोन उत्तरें मिळतात. म्हातारीस इस्पितळासाठीं हवा. तिच्या मुलास नको, कारण पुलावरून प्रथम जमिनीचा दलाल येईल. मुलाचें भय निराधार नाहीं. रस्ता व कारखाने आले, आणि कांजूर-भांडुपचीं भातखाचरें कोठें गेलीं, हें या अंकाच्या वडील वाचकांना सांगावयास नको. आमचें मत असें कीं, आजाऱ्यास रात्रीं वाट मिळालीच पाहिजे, आणि ती जमिनीचे सात-बारे नीट करून घेतल्यानंतर मिळावी. हा क्रम उलटा झाला तर पूल गांवासाठीं न होतां गांवावरून होईल.

आणि पाणी कांहीं इतक्यांत हटत नाहीं. वसईच्या खाडीवरून इ. स. १८६४ पासून आगगाडी जाते, तरी फेब्रुवारी २०२४ त वसई व भाईंदर यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी तर सुरू झाली. रस्त्यानें घोडबंदरचा वळसा लोकांना नकोसा झाला होता. वसईहून भाईंदरास लग्नाला निघालेलें वऱ्हाड आतां मोटारीसकट होडींत चढतें, आणि मिस्साची वेळ ठरवितांना आधीं तरीचें वेळापत्रक पाहतें.