चिकटा आणि ओरखडा

स्टीलचा नवा डबा विकत आणला की पहिले काम त्याच्यावरचे लेबल काढण्याचे. कागद निघतो, पण खालचा चिकटा निघत नाही. पाण्याने चोळावे तर तो नुसता लोळतो. तारेच्या घासणीने घासावे तर चिकट्याबरोबर डब्याची चकाकीही जाते. एक कटकट घालवताना आपण दुसरी ओढवून घेतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात या कटकटी या रूपात नव्हत्या. त्या कशा आल्या हे पाहिले, की त्यांवरचे उपायही बरेचसे उलगडतात.

कल्हईचे दिवस

पूर्वी आपल्याकडे स्वयंपाकाची भांडी प्रामुख्याने तांब्या-पितळेची असत. ताक, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ त्यांत ठेवले की आम्लामुळे तांबे विरघळून पदार्थात उतरे. पदार्थ कळकला, असे आपण म्हणतो तो हाच प्रकार. असे अन्न पोटात गेले तर उलट्या होत. म्हणून भांड्यांना आतून कल्हई लावत. कल्हईवाला भात्याने विस्तव फुलवी, भांडे तापवी आणि त्यात नवसागर टाकी. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात. त्यांमुळे धातूवरचा ऑक्साइडचा थर निघून जातो. मग कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने भराभर पसरायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे साध्या विस्तवावर हे काम होई.

पण कथील मऊ आणि त्याचा थर पातळ. त्याला ओरखडा पडला की खालचे तांबे उघडे पडे. त्या काळी ओरखडा हा भांड्याच्या रूपाचा नव्हे, तर घरच्यांच्या प्रकृतीचा प्रश्न होता. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पुन्हा कल्हई.

स्वतःला सावरणारे पोलाद

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हे संशोधक बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधत होते. सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेल्या एका नमुन्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी लावलेल्या आम्लाचा नेहमीसारखा परिणाम होईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्याने दाद दिली नाही. सुऱ्या-काट्यांच्या त्या गावात या गुणाचा उपयोग काय, हे ब्रेअर्ली यांच्या लगेच लक्षात आले. जर्मनीतील क्रुप कारखान्यातही त्याच सुमारास क्रोमियम आणि निकेल घातलेले पोलाद तयार झाले होते. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे त्याचे प्रमाण पुढे भांड्यांसाठी रूढ झाले.

या पोलादाचे रहस्य काय? त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर बसतो. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ असतो. त्यावर ओरखडा पडला तर उघड्या पडलेल्या धातूवर तो थर पुन्हा आपोआप बसतो. येथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. भरून येते ते गंजापासूनचे संरक्षण. चर भरून येत नाही, गेलेली चकाकीही परत येत नाही. स्टीलच्या डब्यावरचा ओरखडा कुरूप दिसतो, पण एरवी तो निरुपद्रवी असतो.

चिकटपट्टीची जन्मकथा

चिकटवण्याची जुनी साधने म्हणजे डिंक आणि खळ. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या पोस्टाच्या तिकिटाला मागे डिंकच होता. ओला केल्यावर तो चिकटे आणि ओला केल्यावरच सुटे. पाण्याने न सुटणारा चिकटा आला तो नंतर.

अमेरिकेतील थ्री-एम ही कंपनी त्या वेळी मुख्यतः पॉलिश पेपर बनवत असे. तिथला रिचर्ड ड्र्यू हा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यांत जाई. तेव्हा दुरंगी मोटारींची टूम होती. एक रंग देताना दुसरा भाग कागद चिकटवून झाकावा लागे आणि तो कागद काढताना कित्येकदा खालचा रंगच उपटून येई. ड्र्यूने १९२५ साली यावर पट्टी शोधली. ती नुसत्या दाबाने चिकटे आणि रंग न उखडता निघे. १९३० साली त्याने पारदर्शक सेलोफेनची पट्टीही तयार केली. गंमत अशी, की ओरखडे काढण्याचा कागद आणि चिकटा ठेवणारी पट्टी ही एकाच कारखान्यातली भावंडे!

१९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन अ‍ॅव्हरी यांनी स्वतःच चिकटणारी लेबले तयार केली. त्यांच्या पहिल्या कंपनीचे नाव होते ‘कम क्लीन’, म्हणजे ‘स्वच्छ निघून येणारे’. तेव्हा चिकटा मागे राहू नये हीच या लेबलांची मूळ प्रतिज्ञा होती. मग ती मोडते का?

या चिकट्यात रबरासारखे लांब साखळ्यांचे रेणू आणि राळेसारखे पदार्थ असतात. हळू दाबले की तो दाट द्रवासारखा वाहतो आणि पृष्ठभागाच्या बारीकसारीक खळग्यांत शिरतो. झटकन ओढले की घन पदार्थासारखा अडून बसतो. लेबल महिनोन्महिने दुकानात राहिले की त्याची धातूवरची पकड वाढत जाते. शेवटी कमकुवत दुवा उरतो तो कागदाचा, आणि मग कागदच फाटतो. रबराशी पाण्याचे जमत नाही, तेलाचे मात्र चांगले जमते. तेल त्यात मुरते, चिकटा फुगतो आणि त्याची पकड सुटते. उष्णतेनेही तो मऊ पडतो.

ओरखडा खरेच जातो का?

न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात म्हटले होते, की घासून चकाकी आणणे म्हणजे ओरखडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक करणे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्बी यांनी वेगळी कल्पना मांडली. त्यांच्या मते घासताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि चर बुजवतो. पुढे सूक्ष्मदर्शकांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात मात्र धातूंच्या बाबतीत मुख्य काम बारीक तासण्याचेच असल्याचे दिसले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. चर याहून बराच बारीक झाला, की आपल्याला पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. म्हणजे ओरखडा ‘काढायचा’ तर भोवतालचा धातूच काढावा लागतो.

यातून व्यवहाराचे नियम निघतात. चिकटा दिसला तर आधी डबा गरम पाण्याने शेकावा, मग खोबरेल तेल लावून पाऊण तास ठेवावा, कापडाने पुसावा आणि शेवटी साबणाने धुवावा. रॉकेलनेही चिकटा सुटतो, पण ते पेट घेते. शेगडीजवळ ते वापरू नये. नखांचे पॉलिश काढण्याच्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन असते. मिक्सरच्या प्लॅस्टिकच्या कवचावर ते लावले, तर कवचच विरघळून डागाळू शकते.

स्टीलवर घासायचे तर त्याच्या रेघांच्या दिशेनेच घासावे. साध्या लोखंडी तारेचे कण स्टीलवर राहिले की तेच गंजतात आणि दोष स्टीलवर येतो. फ्रिजची गोष्ट उलटी. तिथे सहसा साध्या पोलादी पत्र्यावर रंगाचा पातळ थर असतो आणि तो स्वतःला सावरत नाही. तिथे घासून ओरखडा वाढतो, पत्रा उघडा पडतो आणि गंज रंगाखाली पसरत जातो. म्हणून तिथे तासायचे नाही, रंगाने बुजवायचे. थोडक्यात, हात उचलण्यापूर्वी विचारावे: वरचा थर कशाचा, आणि त्याच्याखाली काय?

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. काचेच्या चार सारख्या बाटल्यांवर एकाच प्रकारची लेबले एकाच दिवशी लावावीत. आठवड्याने ती सोलून उरलेल्या चिकट्यावर एकीवर गार पाणी, दुसरीवर गरम पाणी, तिसरीवर साबणाचे पाणी आणि चौथीवर खोबरेल तेल लावावे. पाऊण तासाने प्रत्येक बाटली पुसावी. किती वेळा पुसल्यावर चिकटा गेला, हे विद्यार्थ्यांनी मोजून तक्त्यात मांडावे. कोणते उत्तर येईल याचा अंदाज मात्र आधी लिहून घ्यावा, आणि तो चुकला तर का चुकला यावर चर्चा करावी.