बाल-अपराध्यांचें सुधारगृह : स्मृति, कायदा आणि दप्तर

अल्पवयी अपराध्यांस एका गृहांत ठेवून सुधारण्याची कल्पना सर्वस्वी परकीय होय, असा एक पक्ष आहे. ती आपल्या शास्त्रांत पूर्वींच होती, असा दुसरा. दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत, हें प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

आदिपर्वांत अणीमांडव्याची कथा आहे. बालपणीं कीटकास काडी टोंचल्याबद्दल आपणांस सूळ भोगावा लागला, हें कळतांच त्या ऋषीनें धर्मास शाप दिला आणि १४ वर्षांपर्यंतच्या कृत्याचें पातक लागूं नये, अशी मर्यादा घातली. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें रचिलेल्या मिताक्षरेंत उद्धृत वचनांप्रमाणें १६ वर्षांखालील मुलास प्रायश्चित्त अर्धें. त्याहून लहान मुलाचें तर पित्यानें, भ्रात्यानें किंवा सुहृदानें करावयाचें. म्हणजे वयाचा विवेक होता, वडीलधाऱ्यांवर भारही होता. परंतु सुधारणेसाठीं मुलास घराबाहेर ठेवणारी संस्था या वचनांत नाहीं.

ती संस्था मुंबईंत आली. १८५० च्या १९ व्या कायद्यानें १० ते १८ वर्षांच्या मुलांस कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. त्याच वर्षीं जॉर्ज बुइस्ट यांनीं सुधारणेची उद्योगशाळा काढली. पुढें तिला डेव्हिड ससून यांचें नांव मिळालें. १८७६ व १८९७ सालीं सुधारशाळांचे स्वतंत्र कायदे झाले. १८९७ च्या कायद्यान्वयें १५ वर्षांखालील मुलास शाळेंत धाडल्यास मुदत ३ वर्षांहून कमी व ७ वर्षांहून अधिक नसे. किरकोळ चोरीस तुरुंगांत कांहीं आठवडे पडते, तेथें दयेच्या नांवानें ३ वर्षें पडूं लागलीं! दया आणि बंधन यांचा हा संकर तेव्हांपासूनचा आहे. १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्यानें व १९२७ सालीं स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीनें त्यास पुढील वळण दिलें.

आमचें घाटनांदूर, बालाघाटावरील गांव, तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. मुंबई इलाख्याचा कायदा येथें चालत नसे. देशभर एकरूप कायदा १९८६ चा. २०१५ च्या कायद्यान्वयें विशेष गृहांतील मुक्काम ३ वर्षांपर्यंतचा असून तेथें शिक्षण, कौशल्य, समुपदेशन, वर्तनसुधार-उपचार व मानसोपचार द्यावयाचे असतात. १८९७ ची किमान मर्यादा येथें कमाल झाली, हा फरक लहान नव्हे. तथापि १६ वर्षांवरील मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास त्यास प्रौढाप्रमाणें न्यायासनापुढें उभें करण्याची वाटही याच कायद्यानें उघडली.

शेवटीं एक गोष्ट आम्हां संग्राहकांपुरती. या कायद्यानें कांहीं अपवाद वगळतां मुलाच्या दोषसिद्धीचें दप्तर मुदतीनंतर नष्ट करावयाचें असून त्याचें नांव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. कागद जपणें हेंच ज्यांचें व्रत, त्यांस हें कठोर वाटेल. परंतु मांडव्यानें घातलेली मर्यादा हीच ना, कीं बाल्यांतील दोष आयुष्यभर मागें लागूं नये? म्हणून संस्थांचे नियम, जमाखर्च व अहवाल आपण अवश्य जपावे. मुलांचीं नांवें असलेलें पान हातीं आल्यास मात्र छापूं नये. सर्वच कागद आपले नसतात.