न उपसलेले पाणी : घरगुती तरणतलावाच्या यंत्रखोलीचा इतिहास

खासगी घरांतील तरणतलावांविषयी लिहिताना त्यांच्या फरशीचे, आकाराचे आणि मालकाच्या ऐश्वर्याचे वर्णन बहुधा पुष्कळ केले जाते. परंतु तलावाचे आयुष्य ठरते ते त्याच्या आडोशाला असलेल्या लहानशा खोलीत, जिथे पंप, गाळणी आणि औषधांचे डबे ठेवलेले असतात. एकदा भरलेले पाणी उपसून न टाकता ते किती काळ पोहण्याजोगे ठेवता येईल, या एका व्यावहारिक प्रश्नातून ही खोली जन्माला आली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या प्रश्नाला पुरेसे उत्तर नव्हते. पुढे ते टप्प्याटप्प्याने मिळत गेले, आणि तलावाची देखभाल करणाऱ्या कारागिराला आज जे बिघाड शोधावे लागतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या ना त्या टप्प्यात सापडते.

त्याआधीचा उपाय एकच होता : भरणे, वापरणे आणि सोडून देणे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असून, त्याच्या विटांच्या बांधकामाला डांबराचा थर देऊन गळती रोखलेली होती. जवळच्या खोलीत विहीर आणि एका कोपऱ्यात पाणी सोडण्याचा मार्ग, एवढीच त्याची यंत्रणा. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्यानंतर नगरपालिकांनी सार्वजनिक स्नानगृहे बांधली, तेव्हाही पद्धत हीच राहिली. तलाव ताज्या पाण्याने भरला की त्या दिवशीचे शुल्क अधिक असे, आणि पाणी गढूळ होत जाई तसे ते उतरत जाई. म्हणजे स्वच्छतेचा वाटा माणसाच्या ऐपतीप्रमाणे ठरत असे. घरगुती तलावाचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बिल्टमोर या व्हँडरबिल्ट घराण्याच्या प्रासादात आढळते. १८९५ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूतील बंदिस्त तलावात सुमारे २ लाख ६५ हजार लिटर पाणी मावत असे आणि पाण्याखाली विजेचे दिवेही होते, परंतु गाळणी किंवा जंतुनाशनाची सोय नसल्यामुळे ते सगळे पाणी दर काही दिवसांनी सोडून पुन्हा भरावे लागे. जगातील अत्यंत श्रीमंत कुटुंबालाही पाणी फेकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

गाळणीची विद्या मात्र तोवर पिण्याच्या पाण्यासाठी सिद्ध झालेली होती. स्कॉटलंडमधील पेस्ली येथे जॉन गिब याने १८०४ मध्ये आणि लंडनमध्ये जेम्स सिम्पसन याने १८२९ मध्ये वाळूच्या संथ गाळण्या उभारल्या. त्यांत पाणी वाळूतून इतक्या सावकाश झिरपत असे की वरच्या पृष्ठावर सूक्ष्मजीवांचा थर तयार होऊन खरे काम तोच करी. पण अशा गाळणीला विस्तीर्ण जागा लागे आणि वरची वाळू खरवडून काढावी लागे. अमेरिकेत १८८० च्या दशकापासून जलद गाळणी पुढे आली, जिच्यात पाण्यात आधी तुरटी मिसळून बारीक गाळाचे पुंजके केले जातात आणि मग ते पाणी बंद टाकीतील वाळूतून कितीतरी अधिक वेगाने ढकलले जाते. पावसाळ्यात नदीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या किंवा हंड्याच्या आतल्या बाजूस निवळीचे बी घासणाऱ्या मराठी घरांना यातील पहिली क्रिया नवी नव्हती. नवी होती ती दुसरी : वाळू भरली की ती बाहेर न काढता पाण्याचा प्रवाह उलटा, खालून वर सोडून तिला धुऊन काढणे. या उलट्या धुण्यामुळेच गाळणी एका लहान टाकीत मावू शकली आणि घराच्या आवारात येऊ शकली.

या टाकीवरील दाबमापक हे तलावाच्या यंत्रखोलीतील सर्वांत बोलके उपकरण आहे. नुकत्याच धुतलेल्या गाळणीवर काटा जिथे स्थिरावतो तो तिचा स्वच्छ दाब. वाळूत मळ अडकत जातो तसा तो चढतो, आणि दर चौरस इंचाला ८ ते १० पौंडांनी वाढला की गाळणी धुण्याची वेळ झाली असे मानण्याचा प्रघात आहे. धुताना पंप बंद करून, प्रवाहाची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा दाबून फिरवावा लागतो; पंप चालू असताना तो फिरवला तर आतले चक्राकार रबरी गॅस्केट जागचे निघते किंवा फाटते, आणि मग नेहमीच्या गाळणीच्या वेळीही थोडे थोडे पाणी सांडपाण्याच्या नळीतून गुपचूप वाहत राहते, ज्याचा दोष पुढे तलावाच्या भिंतींना दिला जातो. धुणे सुरू झाल्यावर व्हॉल्व्हजवळच्या काचेच्या नळीत प्रथम चहासारखे तपकिरी पाणी दिसते, दोन-तीन मिनिटांत ते निवळते, आणि त्यानंतर थोडा वेळ सुलट दिशेने पाणी सोडून ढवळलेली वाळू पुन्हा बसवली जाते. ही शेवटची पायरी गाळली तर सुटलेला मळ थेट तलावात येतो. गाळणी वारंवार धुणे म्हणजे चांगली निगा, हा समज मात्र चुकीचा आहे, कारण वाळूत थोडा मळ बसल्यावरच तिच्या फटी अरुंद होऊन ती बारीक कण अडवू लागते.

त्याच काट्याच्या आधारे बिघाडाची जागाही ठरवता येते. काटा चढला आणि प्रवाह मंदावला तर अडथळा पंपाच्या पुढे, म्हणजे बहुधा गाळणीत असतो. काटा आणि प्रवाह दोन्ही उतरले तर अडथळा पंपाच्या मागे, म्हणजे पाने अडकलेल्या जाळीच्या टोपलीत किंवा ओढीच्या नळीत शोधावा लागतो. तलावात परतणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येत असतील तर ओढीच्या बाजूने हवा शिरत असते, आणि तिचे प्रवेशद्वार पुष्कळदा टोपलीच्या झाकणाखालील सुकलेली किंवा कचरा अडकलेली रबरी कडी हेच निघते. पंपाच्या मागे नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असल्यामुळे फटीतून हवा आत येते आणि पुढे तो अधिक असल्यामुळे पाणी बाहेर पडते, एवढे तत्त्व ज्याला उमगले त्याचे निम्मे काम झालेले असते.

तलावाचे पाणी गाळणीतून फिरवून पुन्हा तलावातच सोडायचे ठरले, तेव्हा ते किती वेळा फिरवावे हा प्रश्न आला. गेज आणि बिडवेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९२६ मध्ये त्याचे गणित मांडले. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यात सतत मिसळत असल्यामुळे तलावाच्या आकारमानाइतके पाणी एकदा फिरले तरी सुमारे ६३ टक्केच मळ निघतो, दोनदा फिरल्यावर ८६, तिसऱ्यांदा ९५ आणि चौथ्यांदा ९८ टक्के. पंप दिवसाकाठी किती तास चालवावा याविषयीचे नियम या हिशेबावर आधारलेले आहेत, आणि वीज वाचवण्यासाठी पंप तासाभरातच बंद करणाऱ्या घरी पाणी का धुरकट राहते याचे उत्तरही त्यातच आहे.

गाळणीने पाणी नितळ झाले तरी निर्जंतुक होत नव्हते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये पेटंट घेतलेली ब्लीचिंग पावडर शंभर वर्षे मुख्यतः कापड पांढरे करण्यासाठी वापरली गेली. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात जॉन लील याने क्लोरिनचा कायमस्वरूपी वापर सुरू केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ब्राऊन विद्यापीठातील तरणतलावात जॉन बंकर याने ब्लीचिंग पावडरचा प्रयोग केला. तलावात माणसे क्षणोक्षणी नवा मळ आणत असल्यामुळे पाणी एकदा शुद्ध करून भागत नाही, त्यात काही क्लोरिन सतत शिल्लक असावा लागतो, आणि ही शिल्लक मोजणे हे देखभालीचे रोजचे काम ठरले. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन याने १९०९ मध्ये मांडलेली पीएच ही आम्लतेची मोजपट्टी या कामात अपरिहार्य ठरली. पीएच ७.५ च्या सुमारास असताना मुक्त क्लोरिनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या प्रभावी रूपात असतो, पण तो ८ वर गेला की हा भाग जेमतेम चौथाईवर येतो. म्हणून औषध घालूनही शेवाळ धरणाऱ्या तलावात आणखी औषध ओतण्यापूर्वी पीएच तपासला जातो. डोळे चुरचुरणे आणि उग्र वास येणे हे क्लोरिन जास्त झाल्याचे लक्षण समजले जाते, परंतु पुष्कळदा ते घाम आणि लघवी यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी बांधल्या गेलेल्या क्लोरिनचे असते, आणि त्यावर उपाय म्हणून अधिक क्लोरिन घालून ते बंध तोडावे लागतात.

हे सारे सामान्य घरात पोहोचले ते मुख्यतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धानंतर. शिकागोच्या संग्रहालयात मृत प्राण्यांच्या प्रतिकृती घडवणाऱ्या कार्ल एकली याने १९०७ मध्ये इमारतीच्या दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी सिमेंट फवारणारे यंत्र बनवले होते. त्याच तंत्राने लोखंडी सळ्यांच्या जाळीवर हव्या त्या आकाराचा तलाव थोडक्या खर्चात घडवता येऊ लागला. वायूरूप क्लोरिनचे सिलिंडर घरात ठेवणे धोक्याचे होते, ती अडचण तीव्र हायपोक्लोराइटच्या कोरड्या भुकटीने दूर केली. अमीबाजन्य हगवण टाळण्यासाठी युद्धकाळात अमेरिकी सैन्याने वापरलेली, सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांच्या मातीची गाळणीही नंतर घरगुती तलावांवर आली.

उघड्यावरच्या तलावात ऊन क्लोरिनचा फडशा पाडते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायन्युरिक आम्ल हा त्यावरचा उपाय वापरात आला, कारण ते क्लोरिनला उन्हापासून जपते. परंतु ते स्वतः उन्हाने किंवा गाळणीने नाहीसे होत नाही, क्लोरिनच्या स्थिर गोळ्यांबरोबर पाण्यात साठत जाते आणि प्रमाणाबाहेर गेले की क्लोरिनचे काम मंदावते. मग काही पाणी सोडून नवे घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. पाणी न उपसण्याच्या या दीर्घ प्रयत्नाला एवढी एक मर्यादा राहिलेली आहे.

त्यानंतरही यंत्रणेत भर पडत गेली. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिये याने तळावर आपोआप फिरणारे सफाईयंत्र बनवले. पंपाच्या ओढीने मुले तळाच्या जाळीला चिकटून बुडाल्याच्या घटनांनंतर २००७ मध्ये अमेरिकेने सुरक्षित जाळ्यांचा कायदा केला. तुटलेली किंवा सैल जाळी दिसताच तलाव बंद ठेवणे हा देखभालीतील पहिला नियम असला पाहिजे, तो दुय्यम मानणे अक्षम्य आहे. पंपाचा वेग निम्मा केला तर त्याला लागणारी शक्ती जवळजवळ आठव्या भागावर येते, या तत्त्वावरचे बदलत्या वेगाचे पंप आता रूढ होत आहेत.

लोणावळा, कर्जत, अलिबाग या परिसरांतील बंगल्यांमुळे ही यंत्रखोली महाराष्ट्रातही आली आहे, आणि उन्हाळ्यात ज्या मुलखात टँकरची वाट पाहिली जाते तिथे तलावभर पाणी सोडून देणे समर्थनीय ठरत नाही. पातळी उतरताना दिसली तर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून आतली व बाहेरची पातळी खुणेने नोंदवावी आणि एका दिवसाने दोन्हींतील घट ताडून पाहावी. बाहेरची घट जास्त असेल तर गळती आहे, सारखी असेल तर ते बाष्पीभवन. तसेच नवी गाळणी बसवल्याच्या दिवशीच तिचा स्वच्छ दाब टाकीवर रंगाने लिहून ठेवावा, कारण तो आकडा हरवला की पुढच्या कारागिराला त्या काट्यावरून काहीच सांगता येत नाही.