परवाना आणि लज्जा

पॅरिसच्या धर्मन्यायालयात इ. स. १३२२ मध्ये जाकोबा फेलिसी या स्त्रीवैद्यावर खटला चालला. नाडी व मूत्र तपासून ती औषधोपचार करीत असे. परंतु विद्यापीठाची अनुज्ञा तिच्यापाशी नव्हती, आणि त्या विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंदच होती. तिच्या उपचाराने गुण आल्याची साक्ष रुग्णांनी दिली. तिचा युक्तिवाद सरळ होता: कित्येक स्त्रिया आपले गुप्त दुखणे पुरुषाला सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून जाणत्या स्त्रीनेच त्यांना तपासावे. न्यायालयाने तो अमान्य केला आणि धर्मबहिष्कार व दंड यांचे भय घालून तिला उपचार करण्यास मनाई केली. नवल हे, की आदल्याच वर्षी नेपल्सच्या राज्यात फ्रान्चेस्का नावाच्या सालेर्नोच्या स्त्रीला शस्त्रक्रियेचा परवाना मिळाला होता आणि त्यामागे विचार हाच होता.

जाकोबाच्या म्हणण्याला मोजून घेतलेला पुरावा मिळाला तो साडेसहाशे वर्षांनी, आणि तोही सिरोंचा ज्याच्या दक्षिण टोकाला आहे त्या गडचिरोली जिल्ह्यात. येथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के. दारिद्र्य आणि अंतर ही कारणे होतीच; परंतु लज्जेने मिटलेले ओठ हेही त्यांतले एक होते.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे ठरले. ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बालकाला इंजेक्शन देण्याचे कामही त्या घरोघरी करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले. हा वृत्तान्त १९९९ साली जगापुढे आला.

परवाना निरर्थक नव्हे. भोंदूंपासून तोच रुग्णाचे रक्षण करतो. परंतु विद्येची दारे बंद ठेवून परवाना मागणे हा न्याय नव्हे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. अशा मुलखात शिकलेली आणि विश्वासाची स्त्री दाराशी असणे, हाच कित्येकींचा जगण्याचा आधार आहे. जाकोबा खटला हरली. तिचे म्हणणे मात्र हरले नाही.