करी नक्की कोणाची?

परवा ऑफिसमधे एका नव्या मुलाला जावास्क्रिप्टमधलं करीइंग समजावत होतो. बेरीज(२, ३) ऐवजी बेरीज(२)(३). पहिल्या कंसात २ दिला की उत्तर येत नाही. '२ माझ्याकडे आहे, दुसरा आकडा आण' म्हणणारं एक नवं फंक्शन मिळतं. ते ठेवून द्यायचं, हवं तेव्हा वापरायचं. त्याने विचारलं, "याचा जेवणातल्या करीशी काय संबंध?"

काहीच नाही. हस्केल करी नावाचे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पण मंडळी, गंमत अशी की कल्पना मुळात त्यांची नाहीच!

मोझेस शोनफिंकेल जर्मनीतल्या ग्योटिंगेनला हिल्बर्टच्या गटात होता. तर्कशास्त्राची इमारत कमीत कमी विटांवर उभी करायची, ही त्याची धडपड. ७ डिसेंबर १९२० च्या व्याख्यानात त्याने दाखवलं, की अनेक इनपुट लागणारं फंक्शन एकेक इनपुट घेणाऱ्या फंक्शन्सची साखळी करून मांडता येतं. (फ्रेगेच्या १८९३ च्या पुस्तकातही हा विचार डोकावतो.) १९२४ मधे ते छापून आलं, तेही हाइनरिश बेहमान या सहकाऱ्याने लिहून काढलं म्हणून. उभ्या आयुष्यात शोनफिंकेलच्या नावावर पेपर फक्त दोन.

इकडे करी स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. १९२७ मधे प्रिन्स्टनला त्यांच्या हाती शोनफिंकेलचा पेपर पडला. आपण शोधतोय ते आधीच कोणीतरी छापलंय! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. करी सरळ ग्योटिंगेनला गेले आणि १९३० मधे त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. पुढे आयुष्यभर त्यांनी हे काम वाढवलं, म्हणून नाव त्यांचं रुळलं. तरी १९८० मधे, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी लिहून ठेवलं, की शोनफिंकेलला हे माझ्या सुमारे सहा वर्षं आधी सुचलं होतं.

हे वाचून मला जरा टोचलं. आमच्या कोडमधल्या एका चांगल्या फंक्शनवर गिटमधे माझं नाव दिसतं. मी फक्त फाइल हलवली होती. लिहिणारा मित्र केव्हाच नोकरी सोडून गेला. लोक कौतुक करतात, मी हसून घेतो.

सोमवारी गेल्या गेल्या तिथे त्याच्या नावाची एक ओळ टाकणार आहे. करींना ऐंशीव्या वर्षी जमलं, आपल्याला तिशीत जमायला काय हरकत आहे?